वाघोबाची गोळी उजवीकडे का जाते?

एका जंगलात एक वाघ होता आणि त्याचे गुडघे दुखत असत.

मुलांनो, तो वाघ म्हणजे मीच. गोष्टीच्या शेवटी "आणि तो वाघ म्हणजे मी!" असं सांगून ऐकणाऱ्याला चकित करायची एक पद्धत आहे. पण इतका वेळ ते पोटात ठेवणं मला जमणार नाही. शिवाय या गोष्टीतला वाघ इतका शहाणपणा करतो की तुम्ही मला अर्ध्यातच ओळखाल.

तर, गुडघे. एकदा मी एका सांबरामागे धावलो. टेकाडाच्या अर्ध्यावर मला धाप लागली. सांबर पुढे जाऊन थांबलं. मागे वळलं. माझ्याकडे काळजीने बघत म्हणालं, "बरं वाटत नाही का?"

कुणी शिवी दिली असती तर चाललं असतं. पण जेवणाने आपली विचारपूस करावी?

घरी आलो आणि तुमच्या वाघीणकाकूला सांगितलं, "मी बंदूक करून घेणार."

"आधी गुडघ्यांना तेल लावून बघितलं असतं," ती म्हणाली.

मी तिला समजावलं, की गुडघ्यांचा इथे काही संबंध नाही. जग पुढे चाललंय. पंजे ही जुनी गोष्ट झाली. दातांचं तर नावच नको. विचार करणारा वाघ लांबूनच शिकार करतो.

"आणि उचलून कोण आणतं?" तिने विचारलं.

तो भाग मी अजून ठरवला नव्हता.

आमच्या जंगलात साळवी नावाचं एक साळिंदर होतं. बंदुका बनवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. धरला असता तर टोचलं असतं, हेही आहेच. त्याची सगळी हत्यारं त्याच्या पाठीवरच असत. एक काटा उपसायचा, त्याने कोरायचं, पुन्हा पाठीला खोचायचा.

"काय मारायचंय?" साळवीने विचारलं.

"मोठं काहीतरी."

"माझ्याकडे एक जुनी आहे. दिसायला साधी आहे, पण लागते नीट. घेऊन जा."

"साधी?" मी म्हणालो. "साळवी, मी वाघ आहे."

मग त्याने माझी मापं घेतली. खांद्यापासून पंजापर्यंत. मानेची लांबी. गालाची जाडी. दस्त्यासाठी, म्हणजे नळी ज्यात बसते आणि जो खांद्याला टेकतो त्या भागासाठी, त्याने सागाचं लाकूड सुचवलं. मी म्हणालो, अक्रोड हवा. आमच्या जंगलात अक्रोड होत नाही. म्हणूनच हवा होता. शिवाय दस्त्यावर एक वाघ कोरायला सांगितला. झेप घेणारा. गुडघे पूर्ण ताणलेले.

बंदूक तयार व्हायला आठ महिने लागणार होते. ते आठ महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. मी रोज कुणाला ना कुणाला गाठून माझ्या बंदुकीबद्दल सांगत असे. ससे तर मला लांबून पाहूनच बिळात जाऊ लागले. पूर्वीही जात, पण आता कारण वेगळं होतं.

आठवा महिना संपत आला आणि जंगलात सुळे आला.

सुळे म्हणजे एक एकांडा डुक्कर. कळपातून हाकललेला. अंगाने दगडी जात्यासारखा, सुळे वीतभर. डोळ्यांनी मात्र अधू. चार पावलांवरचं झाड की हत्ती हे त्याला कळायचं नाही, म्हणून तो दोघांनाही धडक देत असे. त्याने आमचं पाणवठ्याचं डबकं पाहिलं, त्यात लोळला आणि तिथेच राहिला. उन्हाळा तोंडावर होता. त्या बाजूला दुसरं पाणी नव्हतं. जे कुणी प्यायला येईल त्याच्यावर तो धावून जाई.

एका संध्याकाळी चंद्राबाई चितळीण पाणी प्यायला गेली. तिच्या मागच्या पायाला त्याने इथपासून तिथपर्यंत फाडलं.

दुसऱ्या दिवशी ती लंगडत माझ्या गुहेपाशी आली. मागे चितळं, भेकरं, ससे, मोर असा सगळा जमाव. मुलांनो, चंद्राबाईचे दोन दीर माझ्याच पोटात गेले होते. तरी ती आली. यावरून परिस्थिती ओळखा.

"वाघोबा," ती म्हणाली, "तुम्ही आम्हाला खाता. त्याबद्दल आम्ही कधी शब्द काढला नाही. त्याला काही रीत आहे. भूक लागली की येता, एकाला नेता, चार दिवस दिसत नाही. हा नुसता फाडतो आणि टाकून देतो. याचं काहीतरी करा."

माझे डोळे भरून आले. एवढा मान मला कुणी दिला नव्हता.

"चंद्राबाई," मी म्हणालो, "माझी बंदूक पुढच्या आठवड्यात येतेय. वैशाख लागायच्या आत सुळे दिसणार नाही."

"बंदूक कशाला?" एका भेकराने हळूच विचारलं. "तुम्ही वाघ ना?"

चंद्राबाईने त्याला गप्प केलं.

बंदूक आली. काय सांगू! अक्रोडावर पाण्यासारख्या रेषा. काळीभोर नळी. वर दुर्बीण. आणि कोरलेला तो वाघ. तो माझ्याहून देखणा होता, पण ते मी मनाला लावून घेतलं नाही.

शंभर पावलांवर एक वारूळ होतं. त्याला पळसाचं पान चिकटवलं. पाच काडतुसं घेतली. मी आडवा झालो, श्वास रोखला, चाप ओढला.

पहिली गोळी उजवीकडे गेली. दुसरीही उजवीकडे, पण वर. तिसरी वारुळाच्या पायथ्याशी. चौथीने सालईची एक फांदी पाडली. पाचवी कुठे गेली ते आजवर कळलेलं नाही.

पळसाचं पान वाऱ्यावर डुलत होतं.

"हं. बंदुकीत दोष आहे," मी म्हणालो.

मागे तुमची वाघीणकाकू बसली होती. ती म्हणाली, "अहो, गोळी सुटायच्या वेळी तुम्ही डोळे मिटता."

"मिटत नाही."

"दोन्ही मिटता. आणि तोंड असं करता." तिने करून दाखवलं.

मी तिला सांगितलं, की शास्त्र वेगळं आहे. पापण्या मिटल्याने डोकं स्थिर राहतं. हे शास्त्र मी त्याच क्षणी तयार केलं होतं, पण मला ते पटलं.

आता मुलांनो, एखाद्याची बंदूक नीट लागत नसेल तर त्याने काय करावं? सगळ्यात सोप्या गोष्टीपासून सुरुवात करावी. काही सैल आहे का, हलतंय का, बघावं. दुसऱ्या कुणाला तरी चाप ओढायला लावावा. दोन मिनिटांचं काम.

मी तसं केलं नाही. मी वडाखाली गेलो.

आमच्या वडाखाली जाणकारांची बैठक भरत असे. तिथे मुंगसे नावाचं मुंगूस होतं आणि बगाडे नावाचा बगळा होता. दोघांनी मिळून आयुष्यात एकही गोळी झाडली नव्हती. त्यामुळे त्यांची मतं अगदी स्वच्छ होती.

"काडतुसं," मुंगसे म्हणाले. "शंभर टक्के काडतुसं. कोणती वापरता?"

मी सांगितलं.

"अरेरे," ते म्हणाले.

मी काडतुसं बदलली. जड गोळीची आणली. सगळ्या गोळ्या खाली जाऊ लागल्या. हलकी आणली. सगळ्या वर. मग मुंगशांनी सांगितलेल्या रानातून खास मागवली. ती वर, खाली आणि उजवीकडे अशा तिन्ही बाजूंना गेली. मुंगसे म्हणाले, ही सुधारणा आहे, आता निदान कल तरी दिसतो.

मग बगाडे एका पायावर उभे राहिले. एक डोळा मिटून त्यांनी माझ्या दुर्बिणीत पाहिलं.

"हिच्यात मासा दिसत नाही," ते म्हणाले.

"इथे मासा नाहीच," मी म्हणालो.

"चांगल्या दुर्बिणीत दिसला असता."

मी दुर्बीण बदलली. नवी इतकी जोरदार होती की वारुळावरची मुंगी दिसे. मुंगी काय खातेय तेही दिसे. माझ्या काळजाचा प्रत्येक ठोकाही तिच्यात दिसे, पळसाचं पान त्या ठोक्याबरोबर झोके घेई. गोळी उजवीकडेच गेली. पण आता ती उजवीकडे जाताना मला फार स्पष्ट दिसली. म्हणजे दिसली असती. डोळे मिटलेले होते.

मग कुणीतरी म्हणालं, नळीत गोळ्यांच्या तांब्याचा थर बसला असेल. मी नळी घासली. सकाळी घासली, दुपारी घासली. लोखंडी गजाने घासली. इतकी घासली की नळीच्या तोंडाची कडाच एका बाजूला झिजली. साळवीने ती पाहिली आणि त्याच्या अंगावर काटा आला. त्याच्या बाबतीत हे नुसतं म्हणायचं नसतं. मी दोन पावलं मागे सरलो.

"गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श या कडेला होतो," तो म्हणाला. "ही वाकडी, तर सगळं वाकडं. तुम्ही माझं काम बिघडवलंत."

त्याने तोंड कापून नवं केलं. नळी दोन बोटं आखूड झाली.

मग मुंगशांनी विचारलं, नळी दस्त्याला टेकत तर नाही ना? मधून पान फिरवून बघा. मी पान फिरवलं. ते अडकलं. मी आनंदाने ओरडलो. सापडलं! मग मी स्वतःच दस्ता आतून तासला. जरा जास्त तासला. त्यात तो कोरलेला वाघ मानेपासून वर गेला. खाली झेप घेणारं धड तेवढं राहिलं.

अशा रीतीने वैशाख लागला.

या सगळ्या काळात पाणवठ्यावर सुळेच होता. जनावरं दोन डोंगर ओलांडून पलीकडच्या ओढ्यावर जात. पहाटे निघत, दुपारी पोचत. पाडसं आयांच्या मागे फरफटत. चंद्राबाई तिच्या त्या पायाने सगळ्यात शेवटी असे. वाटेत माझी गुहा लागे. ती थांबून विचारी, "झाली का हो बंदूक?"

"दोन दिवसांत," मी सांगत असे.

एके दिवशी ते म्हातारं भेकर, तेच ज्याने मला "तुम्ही वाघ ना?" असं विचारलं होतं, वाटेत सावलीला बसलं. बाकीची म्हणाली, ऊठ, ओढा जवळच आहे. ते म्हणालं, व्हा पुढे, आलोच. ते उठलं नाही.

मला हे संध्याकाळी कळलं. त्या वेळी मी दुर्बिणीची काच पुसत होतो. मी पुसतच राहिलो. काच आधीच स्वच्छ होती. पण फडकं खाली ठेवलं असतं तर वर बघावं लागलं असतं, आणि समोर तुमची वाघीणकाकू उभी होती.

"मी जाते," ती म्हणाली. "मी बघते त्या डुकराकडे."

"नको," मी म्हणालो. "मी शब्द दिलाय."

हे बोलायला फार छान वाटलं. पण खरं सांगू? सुळे वीतभर सुळ्यांचा होता आणि तिच्या पोटात तेव्हा दोन बच्चे होते. मला तिची काळजी वाटत होती. आणि माझी तर त्या सांबराच्या दिवसापासूनच वाटत होती. बंदूक दुरुस्त होत नव्हती तोवर मला जावं लागत नव्हतं. हे तेव्हा मला कळत होतं की नाही, ते मला विचारू नका. मी तेव्हा फार कामात होतो.

भेकराला जाऊन दोन दिवस झाले आणि चंद्राबाई पुन्हा आली. या वेळी तिच्यासोबत एक सुतारपक्षी होता. ठोकळे त्याचं नाव. वडाखाली त्याला कुणी बसू देत नसे. तो बोलत कमी आणि ठोकत जास्त असे, म्हणून.

"हे जरा बघतील," चंद्राबाई म्हणाली.

मी मुंगशांना आणि बगाड्यांना बोलावलं. अशा वेळी जाणती माणसं जवळ असलेली बरी. साळवीही आला.

ठोकळे दस्त्यावर बसला. टक. पुढे सरकला. टक. आणखी पुढे. टक. जिथे नळीचं लोखंड लाकडात बसतं तिथे आला. टक.

त्याने मान तिरकी केली. पुन्हा ठोकलं.

"सैल आहे," तो म्हणाला.

"काय सैल आहे?" मुंगशांनी विचारलं. "नेमकं बोला. कोणत्या अर्थाने सैल?"

"खालचे दोन स्क्रू," ठोकळे म्हणाला. "नळी लाकडात खुळखुळतेय. दर गोळीला जागा बदलते. आवळा."

साळवी जमिनीकडे बघू लागला.

"मी आवळलेच होते," तो हळू आवाजात म्हणाला. "अक्रोड उन्हाळ्यात सुकला असेल. सागाचा असता तर..." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पण वाघसाहेब, तुम्ही दस्ता काढून तासलात. परत बसवताना तुम्ही तरी..."

"मला वाटलं स्क्रू शोभेचे आहेत," मी म्हणालो.

साळवीने पाठीचा एक काटा उपसला आणि दोन्ही स्क्रू आवळले. एक, दोन. एवढंच.

मग ठोकळ्याने बंदूक दोन दगडांत घट्ट बसवायला सांगितली, म्हणजे कुणाच्या हाताचा संबंध नको. चापाला वेल बांधली. लांबून ओढली. पाच वेळा.

बगाडे उडत जाऊन पळसाचं पान घेऊन आले. पानाच्या मधोमध एक भोक होतं. पाचही गोळ्या एकाच भोकातून गेल्या होत्या. जरासं रुंद होतं, इतकंच.

सगळे नाचायला लागले. मोरांनी तर पाऊस नसताना पिसारा फुलवला. मुंगसे म्हणाले, आपण पहिल्यापासून हेच सांगत होतो. साळवीने डोळे पुसले.

मी तेवढा एकटा नाचलो नाही. आता काडतुसं चांगली होती. दुर्बीण चांगली होती. नळीचं तोंड नवं होतं, स्क्रू घट्ट होते. बिघडायला माझ्याशिवाय काही उरलं नव्हतं.

"मग, उद्या?" चंद्राबाईने विचारलं.

"उद्या," मी म्हणालो. दुसरा शब्दच आठवेना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पाणवठ्यावर गेलो. जांभळीच्या झाडाआड दबा धरला. सुळे चिखलातून उठला. अंग झटकलं. चाळीस पावलांवर होता. एवढ्या जवळून मी पूर्वी दगड मारूनही नेम साधला असता.

दुर्बिणीत त्याचा खांदा दिसला. केस दिसले. केसांवरचा चिखल दिसला. मी मनात म्हटलं, डोळे उघडे. डोळे उघडे. डोळे उघडे.

मी डोळे मिटले आणि चाप ओढला.

गोळी उजवीकडे गेली.

सुळेने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं आणि निघाला. मी बंदूक टाकली आणि जांभळीवर चढलो. मोठे वाघ झाडावर फारसे चढत नाहीत, असं तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असेल. पुस्तक लिहिणाऱ्याच्या मागे डुक्कर लागलं नव्हतं. आणि गुडघे? मुलांनो, त्या दिवशी गुडघे मुळीच दुखले नाहीत.

सुळे झाडाखाली आला. त्याने बुंध्याला धडक दिली. दोन जांभळं त्याच्या डोक्यावर पडली.

"खाली ये," तो म्हणाला.

"नाही."

"मग मी इथे बसतो."

"बस."

तो बसला. बसल्यावर त्याच्या नाकाला काहीतरी लागलं. त्याने हुंगलं. ती माझी बंदूक होती. त्याने आणखी हुंगलं.

"अक्रोड?" त्याने विचारलं.

"अक्रोड," मी वरून म्हणालो.

"या रानात?"

"लांबून आणलाय."

त्याने दस्त्यावरून नाक फिरवलं. मग म्हणाला, "मग चुकली कशी?"

खरं सांगायची ही वेळ होती. पण मुलांनो, सवय फार वाईट असते. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मी नाही चुकलो. गोळी उजवीकडे जाते."

"नेहमी?"

"नेहमी नाही. कधीकधी वर जाते."

"उजवीकडे, आणि वर," सुळे म्हणाला. "हं."

तो "हं" मी ओळखला. पळसाच्या पानाकडे बघत मी पहिल्या दिवशी अगदी तसाच "हं" केला होता. ज्याच्या तोंडून तो एकदा निघाला, तो गेला.

"काडतुसं बदललीस?" सुळेने विचारलं.

"तीन वेळा."

"दुर्बीण?"

"तीही."

"चापात असेल मग. चाप जड असणार." त्याने बंदूक दगडावर टेकवली, पाण्यापलीकडच्या एका वारुळाच्या दिशेने धरली आणि सुळ्याने चाप ओढला. वारूळ त्याला दिसतच नव्हतं, हे मी सांगितलंच आहे. गोळी डावीकडच्या पाण्यात पडली.

"डावीकडे गेली!" सुळे ओरडला. इतका आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता. "तुझी उजवीकडे, माझी डावीकडे! म्हणजे नळी आतून पिळवटलेली आहे! कुणाच्या कसं लक्षात आलं नाही? खाली ये, खाली ये, दाखवतो तुला."

"मारणार नाहीस ना?"

"अरे, आत्ता कसलं मारणं? आधी हे बघू."

मी खाली उतरलो. तेवढ्यात मागच्या झुडपातून तुमची वाघीणकाकू बाहेर आली. ती पहाटेपासून तिथेच दबा धरून होती, पंजे काढून. तिने सुळेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं एकाच नळीत डोकावत होतो. त्याने नळी उजेडाकडे धरली होती आणि मी म्हणत होतो, जरा इकडे वळव.

तिने पंजे आत घेतले.

"जेवायला येणार आहात का?" तिने विचारलं.

"तू हो पुढे," मी म्हणालो.

त्या दुपारी सुळे बंदूक घेऊन वडाखाली गेला. त्याला घेऊन मीच गेलो. मुंगशांनी त्याला बसायला जागा दिली. बगाड्यांनी त्याला दुर्बिणीतून बघायला लावलं. त्याला काहीच दिसलं नाही. बगाडे म्हणाले, बरोबर, हाच तर दोष आहे. पाणवठ्याची सुळेला आठवणही राहिली नाही. चिखलात लोळलं तर नळीत माती जाते, म्हणून त्याने लोळणंसुद्धा सोडलं.

चंद्राबाईने त्याच दिवशी सगळ्यांना एकत्र केलं. बंदूक अगदी अचूक लागते, हे जंगलात सगळ्यांनी पाहिलं होतं. ते सुळेला कुणी सांगायचं नाही, असं तिने बजावलं. ठोकळे म्हणाला, पण ते खरं आहे. चंद्राबाई म्हणाली, खरं आहे म्हणूनच सांगायचं नाही. ठोकळे मुळातच कमी बोलायचा. त्याला फारसं जड गेलं नाही.

मुंगशांना आणि बगाड्यांना बजावायची गरजच पडली नाही. पानातलं ते भोक त्यांनी स्वतः पाहिलं होतं. पण सुळेची पहिली गोळी डावीकडे गेल्याचं ऐकलं आणि ते भोक त्यांना आठवेनासं झालं.

आणि मला? मुलांनो, मलाही सगळं माहीत होतं. मी डोळे मिटतो. त्याला दिसत नाही. पण रोज तासन्‌तास त्याच्याशी बोलून बोलून मलासुद्धा वाटू लागलं, की नळीत थोडा पीळ असावा. आजही वाटतं. कधीकधी पावसाळी हवेत तर जास्तच.

पाऊस आला, गेला. तुमच्या वाघीणकाकूला दोन बच्चे झाले. शिकारीला तीच जाते, पायांनी धावत आणि पंजाने मारत. तिला बंदुकीची गरज वाटत नाही. जुन्या विचारांची आहे.

परवा सकाळी आम्ही दोघं वडाखाली बसलो होतो. सुळे चापाची एक स्प्रिंग कानाशी धरून तिचा आवाज ऐकत होता. चंद्राबाई तिच्या पाडसांना घेऊन पाणवठ्याकडे निघाली होती. तिचा पाय अजून लंगडतो. आमच्याजवळ आली तशी ती थांबली.

"काय वाघोबा," तिने विचारलं, "लागला का दोष?"

"अजून नाही," मी म्हणालो. "पण आता अगदी जवळ आलोय."

"सावकाश होऊ द्या," चंद्राबाई म्हणाली. "घाई नाही."

मग ती पाणवठ्यावर गेली आणि पोटभर पाणी प्याली.

तात्पर्य: अचूक बंदुकीने फार तर एक डुक्कर मरतं. चुकणाऱ्या बंदुकीने एक डुक्कर आणि एक वाघ, दोघांचाही बंदोबस्त होतो. म्हणून, बाळांनो, जंगलात शांतता हवी असेल तर शिकाऱ्याला त्याची चूक कधीही दाखवू नये. त्याच्या बंदुकीची दाखवावी, आणि आपण पाणी पिऊन यावं.